न्यूमोनिया आणि औषधांना न जुमानणारे जंतू

११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने भाषण करताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या शोधाची हकीकत सांगितली आणि शेवटी एका काल्पनिक दांपत्याची गोष्ट श्रोत्यांपुढे ठेवली. नवऱ्याचा घसा दुखू लागतो. तो दुकानातून पेनिसिलिन विकत आणतो आणि आपल्याच मनाने घेतो; पण घेतो ते अपुरे. घशातील जंतू मरावेत इतके ते नसते, त्यांनी औषधाशी झुंजण्यास शिकावे एवढे मात्र असते. पुढे त्याच्यापासून बायकोला संसर्ग होतो आणि तिला न्यूमोनिया जडतो. डॉक्टर पेनिसिलिन देतात, परंतु जंतू आता त्या औषधाला दाद देत नाहीत. बाई दगावते. या मृत्यूचा बोल कोणाकडे जातो, असा प्रश्न फ्लेमिंग यांनी केला आणि औषधाचा हलगर्जीपणाने वापर करणाऱ्या नवऱ्याकडे बोट दाखविले.

काळाने ही गोष्ट तपशिलात चुकीची आणि आशयात खरी ठरविली. फ्लेमिंग यांनी उदाहरणासाठी निवडलेला, घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आजही पेनिसिलिनने मरतो. इतक्या वर्षांत त्याला ती विद्या साधलेली नाही. इतर अनेक जंतूंना मात्र ती साधली. २०१९ या एका वर्षाचा जगभरचा जो हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंशी संबंध पोहोचतो अशा मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा न्यूमोनियासारख्या फुप्फुसाच्या संसर्गांचा होता. ही संख्या १५ लाखांहून अधिक होती. त्या गोष्टीतील आणखी एक मर्म सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बायकोने स्वतः एकही गोळी खाल्लेली नव्हती. औषध एकाने घेतले आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसातील वायुकोशांचा दाह. श्वासनलिका फाटत फाटत जाऊन जेथे संपतात तेथे कोट्यवधी सूक्ष्म फुगे असतात. या फुग्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. जंतूंनी तेथे ठाण मांडले की त्यांच्याशी लढण्यासाठी धावून आलेल्या पांढऱ्या पेशी आणि रक्तातून पाझरलेला द्रव यांनी हे फुगे भरून जातात. हवेच्या जागी पू येतो, म्हणून श्वास लागतो, ताप चढतो, छातीत कळ येते आणि क्ष-किरणांच्या चित्रात फुप्फुसाचा तेवढा भाग पांढरा दिसतो. या रोगाच्या मुख्य जंतूचा, न्यूमोकोकसचा, शोध १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर यांना आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांना एकमेकांस नकळत लागला. पुढे १८८४ साली बर्लिनमध्ये हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी जंतू रंगविण्याची जी पद्धत काढली, तीही न्यूमोनियाने मेलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास करताना. ग्रॅम यांचा जांभळा रंग काही जंतू धरून ठेवतात, काही सोडून देतात. रंग सोडणाऱ्या, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून एक जादा आवरण असते आणि पुष्कळशी औषधे त्या आवरणाशीच अडतात. शंभर वर्षांनंतर रुग्णालयांची झोप उडविणारे जंतू बहुतेक याच वर्गातले निघाले.

पेनिसिलिनपूर्वीच्या काळी धडधाकट माणसाला हा रोग झाला, तर दर तीन-चार रोग्यांतील एक जाई. १९३८ साली सल्फापायरिडिन हे गंधकयुक्त औषध आले. डिसेंबर १९४३ मध्ये ट्युनिसजवळ न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेल्या चर्चिल यांना याच वर्गातले औषध देण्यात आले होते. मागोमाग पेनिसिलिन आले, आणि भारतात ते पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले. त्या पिढीला हा चमत्कार वाटला यात नवल नाही. परंतु प्रयोगशाळेतील मंडळी तेव्हाही पूर्णपणे निर्धास्त नव्हती. १९१२ सालीच मॉर्गेनरोथ यांनी उंदरांवरील प्रयोगांत पाहिले होते की ऑप्टोचिन हे औषध देत राहिले असता न्यूमोकोकस त्याला जुमानीनासा होतो. पेनिसिलिनचा नाश करणारे एक विकर काही जंतू तयार करतात, हे एब्राहम आणि चेन यांनी १९४० साली लिहून ठेवले, आणि तेही ऑक्सफर्डमधील पहिल्या रोग्याच्या उपचारासाठी पेनिसिलिन वापरले जाण्याच्या काही आठवडे आधी. कुलपाआधीच किल्ली तयार होती! १९६७ साली ऑस्ट्रेलियात पेनिसिलिनला कमी दाद देणारा न्यूमोकोकस सापडला आणि १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत अनेक औषधांना एकदम न जुमानणारा.

सामान्य जनात या संबंधी एक गैरसमज रूढ आहे. ‘या रोग्याच्या शरीराला औषधाची सवय झाली’ असे म्हटले जाते. सवय शरीराला होत नसते. बदल जंतूंच्या वस्तीत घडतो. माणसाच्या घशात, आतड्यांत आणि कातडीवर अब्जावधी जंतू नांदत असतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात आणि जागा अडवून धरणे हेच त्यांचे उपकार. प्रतिजैविक पोटात गेले की ते फक्त आजाराच्या जंतूला शोधून मारीत नाही. वाटेत येणाऱ्या साऱ्यांवर त्याचा घाव पडतो. जे मरण्याजोगे असतात ते मरतात आणि ज्यांच्यापाशी औषधाला चुकविण्याची काही युक्ती असते तेवढे उरतात. ओसाड पडलेल्या शेतात सर्वांत चिवट तण माजावे तसे हे उरलेले जंतू मोकळ्या जागेत पसरतात. शिवाय ग्रॅम-निगेटिव्ह जंतू अशा युक्त्यांची जनुके एकमेकांना देऊ शकतात. आपल्या जातीच्याच नव्हे, परजातीच्या जंतूंनाही. औषध थांबले तरी ही वस्ती पूर्वपदावर येण्यास आठवडे, कधी महिने लागतात. या अवधीत त्या माणसाला न्यूमोनिया झाला, तर घशातून फुप्फुसात उतरणारे जंतू या निवडून उरलेल्यांपैकी असण्याचा संभव मोठा.

ही सारी माहिती ज्या घटकेला उपयोगी पडावयाची ती घटका रोगी रुग्णालयात दाखल होतो त्या रात्रीची असते. रोगी धापा टाकीत आहे, रक्तदाब उतरू लागला आहे, ओठ निळसर दिसत आहेत. डॉक्टरांनी बेडका आणि रक्त तपासणीला पाठविले आहे. परंतु जंतू वाढवून, कोणत्या औषधाने ते मरतात हे पाहून प्रयोगशाळेचा निर्णय येण्यास दोन ते तीन दिवस जावे लागतात. तोवर हातावर हात ठेवून बसता येत नाही. डॉक्टरला अंदाजाने औषध निवडावे लागते. अंदाज तोकडा पडला आणि जंतू त्या औषधाला दाद न देणारा निघाला, तर रोग्याचे सर्वांत मोलाचे तास फुकट गेले. उलट, प्रत्येकाला आरंभापासूनच भात्यातील शेवटचा बाण मारीत गेले, तर बहुसंख्य रोग्यांना नको ते औषध मिळते आणि तो बाण दिवसेंदिवस बोथट होतो. या पेचातून वाट काढण्यासाठी, कोणत्या रोग्याच्या फुप्फुसात चिवट जंतू असण्याचा संभव अधिक, याची चिन्हे वैद्यकशास्त्र गेली काही दशके शोधीत आले आहे. शोधाअंती निघालेले उत्तर मोठे विचार करण्यासारखे आहे. ती चिन्हे नाडीत, तापाच्या आकड्यात किंवा क्ष-किरणांच्या चित्रात फारशी सापडत नाहीत. ती सापडतात रोग्याच्या मागील तीन महिन्यांच्या हकीकतीत.

पॅरिसच्या बिशा रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत वारंवार आधाराला घेतला जातो. कृत्रिम श्वसनयंत्रावर असताना न्यूमोनिया झाल्याच्या १३५ घटना त्यांनी तपासल्या. त्यांतील ७७ घटनांत चिवट जंतू आढळले. कोणत्या गोष्टींचा त्यांच्याशी संबंध पोहोचतो हे गणिताने पाहता तीन बाबी उरल्या : यंत्रावर सात किंवा अधिक दिवस असणे, आधी प्रतिजैविक मिळालेले असणे आणि ते प्रतिजैविक व्यापक प्रभावाचे असणे. यांतही दुसऱ्या बाबीचे वजन सर्वांत अधिक भरले. आधी औषध मिळालेल्यांच्या बाबतीत चिवट जंतूंच्या बाजूचे पारडे सुमारे साडेतेरा पटींनी जड झाले होते. दीर्घ काळ यंत्रावर असलेल्यांचे सहा पटींनी. ज्यांना यंत्रावर सात दिवस झाले नव्हते आणि पूर्वी औषधही मिळाले नव्हते, अशा २२ घटनांत त्या चिवट जंतूंपैकी एकही सापडला नाही. यावरून उघड होते की यंत्र, विभाग, परिचारिका आणि डॉक्टर सारे तेच असतानाही एका रोग्याच्या फुप्फुसात साधे जंतू असतात आणि शेजारच्याच्या फुप्फुसात दुर्धर. मधला फरक मुख्यतः पूर्वेतिहासाचा. पुढे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१६ साली रुग्णालयात उद्भवणाऱ्या न्यूमोनियासाठी मार्गदर्शन केले, तेव्हाही मागील ९० दिवसांत शिरेतून प्रतिजैविक मिळालेले असणे या गोष्टीला त्यांनी अग्रस्थान दिले.

भारतात नेमकी हीच हकीकत मिळविणे सर्वांत अवघड. ताप आला की पुष्कळ लोक प्रथम गाठतात ते औषधाचे दुकान. दुकानदार दोन-तीन दिवसांपुरत्या गोळ्या कात्रीने पट्टी कापून देतो. त्या तुकड्यावर औषधाचे नाव पूर्ण असेलच असे नाही. खेड्यात कागदाच्या पुडीत सुट्या कॅप्सूल मिळतात. ‘काही औषध घेतले होते का?’ या प्रश्नाला ‘छे, तापाची गोळी तेवढी’ असे उत्तर येते आणि ती तापाची गोळी अझिथ्रोमायसिन होती की पॅरासिटामॉल हे ना रोग्यास ठाऊक ना त्याच्या नातलगांस. ‘एक इंजेक्शन आणि सलाईन’ एवढाच उल्लेख होतो. इंजेक्शन कसले ते गुलदस्तात. ही कोंडी फोडण्यासाठी सरकारने १ मार्च २०१४ पासून काही महत्त्वाची प्रतिजैविके एका स्वतंत्र अनुसूचीत घातली आणि त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवावी असा नियम केला. २०१६ साली प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील लाल रेघ लोकांनी ओळखावी म्हणून मोहीम निघाली. केरळने २०१८ साली राज्यापुरती स्वतंत्र योजना आखली. नियम कागदावर नेटके आहेत. दुकानाच्या फळीपाशी त्यांचे काय होते हे सर्वजण जाणतात.

दुसरा मोठा भाग रुग्णालयातील वास्तव्याचा. रुग्णालय हे रोग बरे करण्याचे स्थान. तेथेच अधिक दिवस राहण्यात धोका असावा हे ऐकताना विचित्र वाटते. त्याचा उलगडा १९६९ साली अमेरिकेत जोहॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या निरीक्षणांतून झाला. निरोगी माणसाच्या घशात ग्रॅम-निगेटिव्ह जंतू क्वचितच टिकतात. परंतु माणूस गंभीर आजारी पडला की त्याच्या घशाच्या आतील अस्तराचे रक्षण करणारी व्यवस्था ढासळते आणि थोड्याच दिवसांत हे जंतू तेथे वस्ती करतात. आजार जितका भारी तितकी ही वस्ती दाट. हे जंतू येतात तरी कोठून? काही रोग्याच्या स्वतःच्या आतड्यांतून. काही शेजारच्या खाटेवरून, कधी परिचारिकेच्या न धुतलेल्या हातांवरून, तर कधी रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यावरून. अचेतन रोग्याच्या घशातील लाळ नकळत श्वासनलिकेत उतरते. श्वासनलिकेत नळी घातलेली असेल, तर खोकून बाहेर टाकण्याचा मार्गही बंद होतो. शिवाय नळीच्या आतील बाजूस जंतूंचा एक चिकट थर धरतो आणि त्या थराच्या आडोशाला औषध नीटसे पोहोचत नाही. म्हणूनच रुग्णालयात पाच किंवा अधिक दिवस काढल्यावर यंत्रावर उद्भवलेला न्यूमोनिया अधिक संशयाने पाहिला जातो. त्या वेळी रोग्याचा रक्तदाब कोसळलेला असणे, आधी दोन्ही फुप्फुसांना व्यापक इजा झालेली असणे किंवा मूत्रपिंडे थकल्यामुळे डायलिसिस चालू असणे, हीही चिन्हे २०१६ च्या मार्गदर्शनात नमूद आहेत.

भारतातील अतिदक्षता विभागांत या मार्गाने येणारे जंतू कोणते, याची नोंद भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१३ साली सुरू केलेल्या रुग्णालयांच्या जाळ्यातून मिळते. पाश्चात्त्य देशांत मेथिसिलीनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसची जी धास्ती असते, ती येथे ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला यांनी घेतली आहे. कार्बापेनेम हा औषधवर्ग एके काळी राखीव म्हणून मानला जाई. त्या वर्गातील इमिपेनेम हे औषध, परिषदेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे, ॲसिनेटोबॅक्टरच्या दहा नमुन्यांपैकी आठांहून अधिक नमुन्यांत आणि क्लेब्सिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत निरुपयोगी ठरले. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रोग्यात २००८ साली क्लेब्सिएलाचा असाच एक प्रकार सापडला. कार्बापेनेमचा नाश करणाऱ्या त्याच्या विकराला नवी दिल्लीचे नाव दिले गेले, म्हणून २०१० साली येथे मोठे वादळ उठले. नावावरून झालेला संताप समजण्यासारखा होता. पण त्या वादात जितकी शाई खर्च झाली तितका साबण रुग्णालयांतून खर्च झाला असता, तर अधिक बरे झाले असते. वाद शमल्यावर निरनिराळ्या वैद्यकीय संस्था २०१२ साली चेन्नईत एकत्र आल्या आणि त्यांनी एक जाहीरनामा काढला, ही मात्र समाधानाची बाब होय. दरम्यान डॉक्टरांना कोलिस्टिनकडे वळावे लागले. हे औषध मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून एक पिढीपूर्वी जवळजवळ अडगळीत टाकलेले होते. तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातले जात असे; भारताने जुलै २०१९ मध्ये त्याला बंदी केली.

रोग्याच्या पूर्वेतिहासात आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि ती फार वेळा फायलींच्या ढिगात दडलेली असते. पूर्वी कधी त्याच्या बेडक्यात चिवट जंतू सापडला होता काय? सापडला असेल, तर तोच पुन्हा असण्याचा संभव इतर कोणत्याही चिन्हापेक्षा अधिक. जुनाट दमेकरी, श्वासनलिका कायमच्या रुंदावलेले रोगी यांच्या फुप्फुसांत स्यूडोमोनास वर्षानुवर्षे घर करून राहतो. भारतात अशा रुंदावलेल्या नलिका आणि फुप्फुसातील पोकळ्या बहुधा बऱ्या झालेल्या क्षयाच्या खुणा असतात. मधुमेहाचे तसे नव्हे. मधुमेह्याला न्यूमोनिया लवकर गाठतो आणि त्यात क्लेब्सिएलाही आढळतो, हे खरे. परंतु केवळ साखर वाढलेली आहे एवढ्यावरून जंतू औषधाला न जुमानणारा असेल असे मानण्यास फारसा आधार नाही. वार्धक्याचेही तेच. घरी राहणारा, महिनोन्‌महिने औषध न घेतलेला सत्तरीचा गृहस्थ आणि महिन्यात दोनदा रुग्णालयाची वारी करून आलेला तिशीचा तरुण, यांत चिवट जंतूंचा संशय दुसऱ्याविषयी धरावा.

संशय किती धरावा यालाही मर्यादा हवी, हा धडा वैद्यकाला जरा महागात शिकावा लागला. २००५ साली अमेरिकेतील दोन तज्ज्ञसंस्थांनी न्यूमोनियाचा एक नवा वर्ग कल्पिला. मागील ९० दिवसांत दोन दिवस तरी रुग्णालयात राहिलेले, वृद्धाश्रमात राहणारे, डायलिसिसला जाणारे, घरी शिरेतून औषध किंवा जखमेची मलमपट्टी घेणारे, असे सारे या वर्गात घातले गेले आणि त्यांना आरंभापासूनच भारी औषधे द्यावीत असे सुचविले गेले. हेतू चांगला होता. जाळे मात्र फार मोठे विणले गेले. पुढील दहा वर्षांत देशोदेशींच्या अनुभवावरून दिसून आले की या वर्गातील बहुसंख्य रोग्यांचे जंतू साधेच असतात. म्हणजे चिवट जंतू शोधण्याच्या नावाखाली असंख्य लोकांना ती औषधे मिळाली, ज्यांतून नवे चिवट जंतू निपजतात. संशयच रोगाचे कारण बनू लागला! २०१६ आणि २०१९ साली तो वर्ग रद्द करण्यात आला. बाहेरून न्यूमोनिया घेऊन येणाऱ्या रोग्याच्या बाबतीत आता दोनच चिन्हांवर मुख्य भर आहे : पूर्वी बेडक्यात तसा जंतू सापडलेला असणे आणि मागील ९० दिवसांत रुग्णालयात राहून शिरेतून प्रतिजैविक मिळालेले असणे. या दुसऱ्या प्रकारात रोगी फारसा अत्यवस्थ नसेल, तर तपासणीचा निकाल येईतो भारी औषध हाती घेऊ नये, असेही सांगितले आहे. शास्त्राने आपले जाळे स्वतःच आवरते घेतले, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

भारताच्या दृष्टीने यात एका गोष्टीची भर घालणे अगत्याचे आहे. येथे खोकला, ताप आणि क्ष-किरणांवरील डाग यांच्या आड न्यूमोनिया असतो तसा क्षयही असतो. लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधे न्यूमोनियावर चालतात आणि क्षयाच्या जंतूवरही काही अंशी चालतात. क्षयाच्या रोग्याला न्यूमोनिया समजून ती दिली, तर त्याला आठवडाभर बरे वाटते, निदान लांबते, आणि एकट्या औषधाला तोंड देता देता क्षयाचा जंतू त्या औषधाला निगरगट्ट बनतो. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरील उपचारात हीच औषधे आधारस्तंभ असल्यामुळे ही हानी दुहेरी. म्हणून भारतातील छातीरोगतज्ज्ञांनी २०१२ च्या आपल्या मार्गदर्शनात, साध्या न्यूमोनियात आरंभीच ती वापरू नयेत असा इशारा दिला. इशारा जितका स्पष्ट तितकाच दुर्लक्षित, असे खेदाने म्हणावे लागते.

करोनाच्या साथीने या प्रकरणाचे एक प्रचंड प्रात्यक्षिक घडविले. विषाणूच्या न्यूमोनियावर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग नसतो. तरी २०२० आणि २०२१ मध्ये ती घरोघर आणि खाटोखाट वाटली गेली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात दहा रुग्णालयांतील सुमारे साडेसतरा हजार करोनाग्रस्तांची माहिती तपासली. जंतूंचा किंवा बुरशीचा दुसरा संसर्ग झालेले निघाले अवघे ३.६ टक्के. म्हणजे फार थोड्यांना त्या औषधांची गरज होती. परंतु ज्यांना तो संसर्ग झाला त्यांच्यातील निम्म्याहून अधिक दगावले, आणि जंतूंत अग्रभागी होते तेच : क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर.

मग करावयाचे काय? नव्या औषधांची वाट पाहणे हा एक मार्ग. तो लांबचा आहे. महाराष्ट्रात संशोधनशाळा असलेल्या वोखार्ट कंपनीने तयार केलेले नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. बाहेरून होणाऱ्या न्यूमोनियावर दिवसातून एकदा, तीन दिवस ते घ्यावयाचे असते. अतिदक्षता विभागातील ॲसिनेटोबॅक्टरवर मात्र त्याचा इलाज नाही. जवळचा मार्ग आहे तो हाती असलेले औषध कमी दिवस देण्याचा. फ्रान्समधील ५१ अतिदक्षता विभागांत ४०१ रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. यंत्रावरील न्यूमोनियासाठी निम्म्यांना आठ दिवस आणि निम्म्यांना पंधरा दिवस औषध दिले गेले होते. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. पुन्हा संसर्ग झालेल्यांत मात्र अनेक औषधांना न जुमानणारे जंतू आठ दिवसवाल्यांत ४२ टक्के आणि पंधरा दिवसवाल्यांत ६२ टक्के रोग्यांत निघाले. स्यूडोमोनाससारख्या जंतूंत आठ दिवसांनंतर रोग उलटण्याचे प्रमाण काहीसे अधिक होते, हेही त्या संशोधकांनी लपविले नाही. ‘औषध पुरे करा’ हा उपदेश दोन पिढ्यांनी ऐकला. पुरे म्हणजे किती, हे ठरविण्यास शास्त्राला इतका काळ लागला. अर्थात याचा अर्थ रोग्याने ताप उतरताच स्वतःच्या मनाने गोळ्या सोडाव्यात असा नव्हे. दिवस मोजावयाचे ते डॉक्टरांनी.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद येतो. त्यावर साधा जंतू असेल, तर भारी औषध उतरवून साधे द्यावे, काहीच नसेल आणि रोगी सुधारत असेल तर थांबण्याचा विचार करावा, हे करण्यास पहिल्या रात्रीपेक्षा अधिक धैर्य लागते. रोगी सुधारत असताना औषध बदलण्याची भीती नातलगांना वाटते तशी डॉक्टरांनाही वाटते. खाटेचा डोक्याकडील भाग तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवणे, रोग्याचे तोंड स्वच्छ राखणे, शक्य होताच नळी काढणे आणि दोन रोग्यांच्या मध्ये हात धुणे, ही कामे त्या मानाने बिनधैर्याची आणि बिनखर्चाची. कदाचित म्हणूनच ती मागे पडत असावीत.

जंतूला फुप्फुसापर्यंत पोहोचूच न देण्याचा मार्ग म्हणजे लस. अमेरिकेत २००० साली तान्ह्या मुलांना न्यूमोकोकसविरुद्ध सात प्रकारांची लस देण्यास आरंभ झाला. २००४ पर्यंत दोन वर्षांखालील मुलांत पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसचे गंभीर आजार ८१ टक्क्यांनी घटले. ज्यांना ही लस दिलीच नव्हती अशा पासष्ट वर्षांवरील वृद्धांतही ते जवळजवळ निम्म्यावर आले, कारण नातवंडांच्या नाकातून आजी-आजोबांकडे जाणारा जंतूच कमी झाला होता. जंतूनेही आपली चाल बदलली. लशीत नसलेला ‘१९-ए’ नावाचा प्रकार वाढला, म्हणून २०१० साली तेरा प्रकारांची लस काढावी लागली. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात न्यूमोकोकसची लस २०१७ साली हिमाचल प्रदेश आणि उत्तर प्रदेश व बिहार यांच्या काही भागांत प्रथम आली आणि २०२१ साली देशभर पसरली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या दहा प्रकारांच्या लशीत त्या ‘१९-ए’चा समावेश आहे.